ज्वालामुखीवरची पहाट आणि पायथ्याचं गरम पाणी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या टेरेसवर रहिवाशांनी आपापले अनुभव सांगितले, त्यांतलं हे एक भाषण. बोलणं जसं झालं तसंच ठेवलं आहे.)



सेक्रेटरींनी मला वीस मिनिटं दिली आहेत आणि वर सांगितलंय, "काकू, प्रोजेक्टर बिघडलाय, तेव्हा नुसतं बोला." बरंच झालं. माझ्या फोटोंमध्ये निम्म्यात अंधार आहे आणि उरलेल्यांत माझा अंगठा. तेव्हा डोळ्यांसमोर आणायचं काम तुमचं.

गेल्या आषाढात आम्ही दोघं बालीला गेलो होतो. बाली म्हटलं की लोकांना समुद्र आणि झोपाळे आठवतात. आम्ही त्यातलं थोडं केलं. पण मी आज सांगणार आहे ते बातूर नावाच्या डोंगराबद्दल. हा जिवंत ज्वालामुखी आहे. उंची १,७१७ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा ७१ मीटर जास्त. घाबरू नका, चढायला सुरुवात होते तीच हजार मीटरच्या वरून, त्यामुळे चढ साधारण सातशे मीटरचा. सिंहगड पायी चढणाऱ्यांना अंदाज येईल.

आता वय वर्षं चौसष्ट आणि ज्वालामुखी, हे कुठून निघालं? ते सांगायला थोडं मागे जावं लागेल.

यांच्या बायपासची गोष्ट तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे म्हणजे काय, तुमच्यापैकी काहीजण त्यात होतेच. त्या रात्री लाइट गेले होते, लिफ्ट बंद, आणि आम्ही चौथ्या मजल्यावर. ए विंगच्या मुलांनी यांना प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून जिन्यावरून खाली आणलं आणि वॉचमनने तोवर गेटबाहेर रिक्षा, मोटारी हटवून रस्ता मोकळा केला. ऑपरेशन नीट झालं. हे बरे झाले. मी मात्र नंतर दोन वर्षं बरी झाले नाही. रात्री तीनदा उठून यांचा श्वास चालू आहे ना ते बघायचं. भाजी आणायला गेले तरी दोन फोन. लेकीच्या घरी चार दिवस राहायला जायचं ठरवलं की आदल्या दिवशी माझंच पोट बिघडायचं. एक दिवस हे म्हणाले, "डॉक्टरांनी मला सोडलं, तू कधी सोडणार?" आणि तिकिटं काढली.

डॉक्टरांना विचारूनच काढली, हे लगेच सांगते. ते म्हणाले, सपाट चाला, प्रवास करा, पण खडी चढण नको आणि गरम पाण्यात गुडघ्याच्या वर नको, तेही थोडा वेळ. त्यामुळे सुरुवातीपासून स्पष्ट होतं की डोंगर मी चढायचा आणि यांनी खाली थांबायचं. सहा तास. दोन वर्षांत मी यांना सहा तास एकटं ठेवलं नव्हतं. माझ्या दृष्टीने अवघड भाग तो होता. डोंगर त्यापुढे काहीच नाही.

आम्ही तोया बुंगका नावाच्या गावात राहिलो, अगदी तळ्याच्या काठी. जागा समजून घ्या. एक प्रचंड कढई आहे, एका बाजूने दुसरीकडे जायला दहा ते तेरा किलोमीटर. सुमारे २९ हजार वर्षांपूर्वी मोठा स्फोट झाला आणि डोंगराचं पोट रिकामं होऊन तो आत खचला. २० हजार वर्षांपूर्वी पुन्हा तसंच. त्या खचलेल्या कढईत अर्धचंद्रासारखं तळं साठलंय, बालीतलं सगळ्यात मोठं, आणि मधोमध पुन्हा नवा डोंगर उगवलाय. तो आजचा बातूर. कढईच्या काठावर गावं, तळाशी गावं, शेतं, कांदा, टोमॅटो. इथे लोक राहतात कसे असं आपल्याला वाटतं. त्याचं उत्तर मला नंतर मिळालं, तेही सांगते.

पहाटे तीनला उठले. तिथले तीन म्हणजे आपल्याकडे रात्रीचे साडेबारा, घड्याळ अडीच तास पुढे असतं. यांच्या गोळ्या काढून ठेवल्या, जिभेखाली ठेवायची गोळी खिशात घातली, घरमालकाला इंग्रजीत, हिंदीत आणि हातवारे करून सगळं समजावलं. हे पांघरुणातून म्हणाले, "निघा आता, नाहीतर सूर्य तुझ्यासाठी थांबायचा."

वर जायला स्थानिक वाटाड्या घ्यावाच लागतो. आमच्या वाट्याला पंचविशीतली एक मुलगी आली. बालीमध्ये नावं जन्माच्या क्रमाने ठेवतात. पहिलं वायन, दुसरं माडे, तिसरं न्योमान, चौथं केतुत, मुलगा असो की मुलगी. पाचवं झालं की पुन्हा वायन. तिने नाव सांगताच मी म्हटलं, "म्हणजे तू घरातली चौथी!" ती इतकी खूश झाली की त्यानंतर मला मॅडम म्हणायचं सोडून इबू म्हणायला लागली. इबू म्हणजे आई.

पहिला पाऊण तास झाडीतून आणि शेताच्या कडेने. कपाळाला दिवा बांधलेला, पुढे तिचे बूट एवढंच दिसतं. मग झाडी संपते आणि चढ उभा होतो. काळा सुटा दगड, बारीक कच. आपले ट्रेकवाले ज्याला घसारा म्हणतात तो. एक पाऊल वर टाकलं की अर्धं मागे येतं. मुलांच्या टोळ्या बाजूने सरसर पुढे जात होत्या. मी दर वीस पावलांना उभी. प्रत्येक वेळी ती मुलगी म्हणायची, "पलान-पलान, इबू." हळूहळू, आई. तिने एकदाही "थोडंच राहिलं" असं खोटं सांगितलं नाही, हे मला फार आवडलं. आपल्याकडे पायथ्यापासून सगळे सांगतात, आलंच आता, आलंच आता.

एका ठिकाणी मी बसलेच. छाती भात्यासारखी चाललेली, आणि डोक्यात एकच विचार, मला इथे काही झालं तर खाली यांचं काय होईल. गंमत बघा, दोन वर्षं मी उलटा विचार करत होते. तिने पाणी दिलं, केळं दिलं. म्हणाली, इथूनही सूर्योदय दिसतो, खूप लोक इथेच थांबतात, वर जायलाच हवं असं नाही. तिथे बाकडी होती, चहाची टपरीही होती. मी दहा मिनिटं बसले. श्वास ठिकाणावर आला. मग उठले आणि वर निघाले. कोणी आग्रह केला नाही, मीही मोठा निश्चय वगैरे केला नाही. पाय उठले एवढंच.

साडेतीनला निघालेली, सहा वाजून दहा मिनिटांनी माथ्यावर. थंडी अशी की दात वाजत होते. यांचा जुना स्वेटर नेला होता म्हणून निभावलं.

सूर्योदयाचं वर्णन करणार नाही. टेरेसवरून आपण सगळ्यांनी सूर्योदय पाहिलेत. फक्त काय काय दिसतं ते सांगते. पायाखाली ढग, आणि ढगांखालून तळ्याचा एक तुकडा, शिशासारखा. समोर आबांग, त्याच्यामागे आगुंग, तीन हजार मीटरहून उंच. आणि अगदी लांब, समुद्रापलीकडच्या लोंबोक बेटावरचा रिंजानी, ३,७२६ मीटर. सगळे ज्वालामुखीच. समुद्राच्या तळाशी ऑस्ट्रेलियाकडचं भूकवच या बेटांखाली सरकतंय, खोलवर खडक वितळतो आणि वर येतो, म्हणून ही माळ. सुंदर दिसतात, पण १९६३ साली याच आगुंगने हजारावर माणसं मारली. २०१७ मध्ये पुन्हा जागा झाला तेव्हा विमानतळ बंद ठेवावा लागला होता.

विवराच्या काठावर दगडांच्या फटींतून वाफ येते. हात धरवत नाही इतकी गरम. आमच्या मुलीने एका फटीत अंडी ठेवली, दुसरीत केळी, वर पानं झाकली. इडलीपात्रच म्हणा. मी केळं खाल्लं. मग तिने पिशवीतून पानाचा छोटा द्रोण काढला, त्यात फुलं, भाताची चार शितं, एक उदबत्ती. तो वाफेशेजारी ठेवला, डोळे मिटले, फुलाने पाणी शिंपडलं. बालीतले लोक हिंदू आहेत हे आपण वाचलेलं असतं. पण ती "ओम स्वस्त्यस्तु" म्हणाली तेव्हा माझे हात आपोआप जोडले गेले. तिच्यासाठी तो डोंगर देव होता आणि रोजीरोटीही होती, आणि दोन्हींत तिला काही विसंगत वाटत नव्हतं.

तेवढ्यात मोबाइलला रेंज आली. मी फोन लावला. पहिल्या रिंगला उचलला.

"अहो, बरे आहात ना?"

"मी साडेतीनपासून व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलोय. इथून डोंगरावर दिव्यांची रांग दिसते, मुंग्यांसारखी. एक दिवा सारखा थांबत होता. मी म्हटलं, ही तीच."

थांबणारे दिवे काय कमी होते? पण मी काही बोलले नाही. म्हणजे मी वर जाताना यांची काळजी करत होते, आणि हे खाली बसून माझ्यावर पहारा देत होते. चहाही घेतला नव्हता.

उतरताना दुसऱ्या वाटेने, काळ्या लाव्ह्याच्या कडेने आलो. उजेडात पहिल्यांदा नीट पाहिला. नांगरलेलं शेत जागच्या जागी दगड व्हावं तसा. आपला सह्याद्रीही याच जातीचा आहे बरं का. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा थरांवर थर ओतला गेला, त्याचाच हा काळा दगड. आपल्या पायरीला, कुंपणाला, पाट्या-वरवंट्याला तोच. फरक एवढाच की आपला केव्हाच निवला. तिथल्या लाव्ह्यातला काही १९६३ चा आहे, म्हणजे माझ्याच वयाचा! बातूरचा शेवटचा उद्रेक २००० सालचा. आपली सोसायटी रजिस्टर झाली त्याच सुमाराचा.

नऊच्या सुमाराला खाली पोचले. आता गरम पाणी.

आपल्याकडे वज्रेश्वरी-अकलोलीची कुंडं सगळ्यांनी पाहिलीत, कोकणात उन्हवऱ्याचं आहे, राजापूरचं आहे. तिथलं पाणी पावसाचं, ते खडकाच्या भेगांतून फार खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि परत वर येतं. खाली ज्वालामुखी नाही. बातूरला मात्र शेगडी जवळच पेटलेली आहे. ते पाणी तळ्याच्या काठाला बांधलेल्या हौदांत सोडलंय. टी-शर्ट आणि लेगिंग, दोन्ही सूनबाईंनी घेऊन दिलेलं, घालून मी गळ्यापर्यंत पाण्यात. गंधकाच्या पाण्यात चांदी काळी पडते असं ऐकलं होतं म्हणून जोडवी काढून रुमालात बांधली होती. पाण्यात बसल्यावर कळलं की माणसाला मांड्यांच्या मागेही इतके स्नायू असतात. एकेक सुटा होत होता.

हे पायरीवर, पँट दुमडून, नडगीपर्यंत पाण्यात. घड्याळ लावून दहा मिनिटं. शेजारी एक स्थानिक आजोबा रोजचं स्नान असावं तसे निवांत. गावाच्या नावातलं तोया म्हणजे काय, मी विचारलं. त्यांनी ओंजळीत पाणी घेऊन दाखवलं. तोय! आपल्या संस्कृतातलं तोय. शाळेत पाठ केलेला शब्द मला इतक्या वर्षांनी ओंजळीत मिळाला.

मी यांना म्हटलं, "बसा की अजून पाच मिनिटं." हे म्हणाले, "डॉक्टरांनी दहाच सांगितलीत," आणि पाय काढून घेतले. त्या क्षणी मला इतकं हलकं वाटलं! हा माणूस स्वतःची काळजी स्वतः घेतोय. घेतच होता बहुधा. त्या रात्री मी एकदाही उठले नाही. चढण्यामुळे असेल, गरम पाण्यामुळे असेल. सकाळी यांनीच मला हलवून बघितलं.

तिथे लोक राहतात कसे, ते सांगायचं राहिलं. १९१७ साली बातूर फुटला, लाव्हा गावाच्या देवळापर्यंत येऊन दारात थांबला असं ते सांगतात, आणि लोकांनी तो शुभशकुन मानला. गाव तिथेच राहिलं. १९२६ साली पुन्हा फुटला आणि या वेळी थांबला नाही, गाव आणि देऊळ दोन्ही गाडलं गेलं. मग अख्खं गाव उठून कढईच्या काठावर वर गेलं आणि देवीचं देऊळ तिथे नव्याने बांधलं. आपण रीडेव्हलपमेंटच्या नुसत्या विषयाने तीन सभा भांडलो, म्हणून मला हे विशेष वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या देवळात गेलो, कमरेला सारोंग गुंडाळून. देवी दानू, म्हणजे तळ्याची देवी. या तळ्यातून वाहत बाहेर जाणारी एकही नदी दिसत नाही. पाणी जमिनीत मुरतं, आणि उतारावर खाली जे झरे फुटतात ते तिचंच देणं, असं लोक मानतात. त्या पाण्यावर भातशेती. आणि पाणीवाटप सरकारी खातं करत नाही, शेतकऱ्यांच्या संस्था करतात. त्यांना सुबाक म्हणतात. साधारण १,२०० आहेत, एकेका संस्थेत पन्नासपासून चारशेपर्यंत शेतकरी. नवव्या शतकापासूनची परंपरा, म्हणून २०१२ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हटलं, आणि त्या वारशात हे देऊळ आणि तळंही आहे. थोडक्यात, सहकारी संस्थाच. फक्त आपली पंचवीस वर्षांची आणि त्यांची हजारावर.

आता वरच्या शेतकऱ्याच्या हातात पाणी आहे, तर तो खालच्याला का देईल? हा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. याचं उत्तर स्टीफन लान्सिंग नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने शोधलं. १९७० च्या दशकात सरकारने सांगितलं, देवळाचं वेळापत्रक सोडा, नवं बियाणं घ्या, वर्षभर जमेल तेव्हा पेरा. झालं काय, पाण्याची ओढाताण आणि किडी-उंदरांचा सुळसुळाट. कारण पूर्वी सगळी खाचरं एकाच वेळी रिकामी ठेवायचे, किडीला खायला काही उरायचं नाही. प्रत्येकाने आपापल्या वेळी पेरलं की कीड एका शेतातून दुसऱ्यात. वरच्याने खालच्याला पाणी दिलं नाही तर खालचा वेगळ्या वेळी पेरणार आणि कीड वरच्याकडे पाठवणार. म्हणून वरचा देतो. अहो, एका फ्लॅटने एकट्याने पेस्ट कंट्रोल केलं की झुरळं शेजारी जातात, तेच हे. लान्सिंग यांनी एका सहकाऱ्याबरोबर संगणकावर हिशेब मांडून दाखवला की देवळाची पद्धतच बरोबर होती.

कोणाला जायचं असेल तर चार गोष्टी. एप्रिल ते ऑक्टोबर कोरडा हंगाम, तेव्हा जा. बुटांचे तळवे चांगले हवेत, गुळगुळीत झालेले नकोत. स्वेटर न्या. चढून आल्या आल्या गरम पाण्यात उडी मारू नका, आधी भरपूर पाणी प्या, आणि उठताना कठडा धरून उठा, चक्कर येते. रक्तदाब, हृदय यांचा त्रास असेल तर आपल्या डॉक्टरांना विचारूनच, आणि ते सांगतील तेवढंच. डोंगरावर माकडं आहेत, पिशवी बंद ठेवा.

उबुदकडे उतरताना यांनी एका भातखाचराजवळ गाडी थांबवली. पाट दोन ठिकाणी वळवायला एक खाच पाडलेला ओंडका आडवा टाकलेला, प्रत्येक खाच ठरलेल्या मापाची. हे पहिली सात वर्षं आपल्या पाणी कमिटीवर होते, बी विंगचे व्हॉल्व्ह यांनीच बसवून घेतलेत, तेव्हा हे तिथून हलेनात. शेतकरी समोरच होता. ड्रायव्हरमार्फत यांनी विचारलं, भांडण झालं तर काय करता? तो म्हणाला, सभा घेतो, नियम लिहिलेले आहेत, चुकलेल्याला दंड. हे म्हणाले, दंड भरला नाही तर? मग पाणी बंद. यांना आणखी एकच विचारायचं होतं, सभेला कोरम भरतो का. पण कोरम म्हणजे काय हे ड्रायव्हरला काही केल्या समजावता आलं नाही, आणि आम्हाला उशीर होत होता.

एवढंच. चहा तयार आहे असं खूण करून सांगताहेत.